आमची वाटचाल: आधी दगड, मग मासे

2008 साली ठाण्यात आम्ही नवरा-बायकोने दुकान टाकलं, तेव्हा गप्पी, मॉली, गोल्डफिश एवढंच विकायचो. समुद्री माशांची ओढ मात्र लहानपणापासूनची. वडील मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे आणि मी काचेला नाक लावून उभा राहायचो, हलायचं नाव नाही.

2011 मध्ये पहिला मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक लावला, एका गिऱ्हाइकाच्या घरी, चार फुटी. परदेशातून आलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव अंगावर असलेला प्रवाळाचा दगड, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हातात पडला. तो तसाच टँकमध्ये रचला आणि चौथ्या दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडली. दोन दिवसांत दोन्ही मेले. प्रवासात दगडावरचे स्पंज, किडे मरून सडले होते आणि पाण्यात अमोनिया चढला होता. त्या घरातल्या मुलीने माशांना नावं दिली होती. त्या दिवसापासून घाईचं काम घ्यायचं नाही, हे आम्ही ठरवलं.

रीफ टँकमध्ये, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ-खडकासारख्या सजवलेल्या टँकमध्ये, खरं काम दगडच करतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन होऊन निघून जातो. म्हणून दगड सच्छिद्र हवा. आम्ही प्रत्येक दगड हातात घेऊन बघतो. आकाराच्या मानाने हलका लागला तर घेतो, पाट्यासारखा जड लागला तर ठेवून देतो.

आता आम्ही ड्राय रॉकच वापरतो, म्हणजे ज्यावर काहीच जिवंत नाही असा कोरडा दगड. तो धुऊन पिंपात, 35 पीपीटी (लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ) खारटपणाच्या पाण्यात, अंधारात ठेवायचा, पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप, चालू. जिवाणूंना खाऊ म्हणून अमोनियाचा डोस द्यायचा, जुन्या टँकमधला एखादा तुकडा विरजणासारखा टाकायचा आणि टेस्ट किट घेऊन वाट बघायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय दगड बाहेर काढत नाही. चार आठवडे लागतात, कधी आठ. जांभळी-गुलाबी कोरलाइन शेवाळ चढायला तर महिने जातात. पण लाइव्ह रॉकसोबत ऐप्टेशिया (झपाट्याने पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल) किंवा शिकारी मँटिस झिंगा चोरून घरात शिरण्याची भीती राहत नाही.

"मालवणहून दोन-चार दगड उचलून आणले तर चालतील का?" असं दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. नाही चालणार. आपल्या समुद्रातली खडक बांधणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. दगड मेलेला दिसला तरी तो तिथल्या माशांचं घर असतो. हे सांगितल्यावर काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

रचना माझी बायको करते, आणि त्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. दुकानाच्या फरशीवर ती खडूने टँकच्या मापाचा चौकोन आखते आणि दगड आधी कोरडेच मांडून बघते. मागच्या काचेला दगड टेकू देत नाही. मधे मूठ गेली पाहिजे, म्हणजे पाणी फिरतं, घाण साचत नाही आणि काच पुसायचा मॅग्नेटही जातो. 200 लिटरला 25 किलो दगड हा जुना हिशोब आम्ही सोडला. आता 15-16 किलोत दोन बेटं होतात, मधे मोकळं पाणी, आणि माशांना झोपायला कपारी.

पाया थेट तळाच्या काचेवर, वाळू नंतर. हे आम्ही किंमत मोजून शिकलो. एकदा वाळूवर दगड रचले होते. गोबी माशाने खालची वाळू उकरली आणि रात्री दोन वाजता अख्खी रास कोसळून काचेला चीर गेली. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये आम्ही पहाटेपर्यंत पाणी उपसत होतो. नवा टँक आमच्या खर्चाने दिला. तेव्हापासून प्रत्येक सांधा सुपरग्लू जेल आणि इपॉक्सी पुटीने जोडतो, आणि रास हाताने हलवून बघितल्याशिवाय पाणी भरत नाही.

सध्या मागच्या खोलीत तीन पिंपं भरलेली आहेत. झाकण उघडल्यावर पावसाळ्यानंतरच्या समुद्रकिनाऱ्यासारखा वास आला की समजायचं, दगड जमत आलाय. मधल्या पिंपात नायट्राइट अजून उतरलेलं नाही. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला काल फोन करून सांगितलं, अजून दोन आठवडे.