दिवा जोडणं सोपं, वायर मिळवणं अवघड

भाड्याच्या घरात भिंत फोडायला घरमालकांची सक्त मनाई, आणि मला वाचायच्या कोपऱ्यात लोखंडी शेडचा टांगता दिवा हवाच होता. म्हणून लांब वायर आणि थ्री-पिन टॉप लावून तो सॉकेटवरच चालवायचं ठरवलं. हूक वगैरे सहज झालं. अडलं ते वायरपाशी.

घराजवळच्या दुकानात थ्री-कोअर (फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारांची) वायर मागितली, तर दुकानदार पिळाची टू-कोअर, म्हणजे अर्थ नसलेली, मोजायलाच लागला. थांबवलं तर म्हणे, "ताई, नऊ वॉटचा एलईडी ना? त्याला अर्थिंग कशाला? टॉपची वरची पिन मोकळी सोडा, काही होत नाही." आता नऊ वॉटला २३० व्होल्टवर जेमतेम ०.०४ अँपिअर लागतो, हे मलाही कळतं. लोडला त्याची वायर पुरलीच असती. पण अर्थिंग बल्बसाठी नसतंच, ते शेडसाठी असतं! पत्र्याच्या कडेला घासून फेजचं, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीचं, आवरण सोललं, की अख्ख्या शेडमध्ये करंट. बल्ब मात्र छान चालू राहतो, त्यामुळे हात लागेपर्यंत पत्ताच नाही. अर्थ नीट जोडलेला असेल तर तिथल्या तिथे एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं सुरक्षा-बटण) पडते. एवढं सांगितल्यावर उत्तर काय, तर "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." साहेबांना पक्कड कुठली धरायची तेही माहीत नाही, पण ते असो. पैसे परत पाकिटात टाकले आणि तडक पुण्यातली इलेक्ट्रिकच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. तिथे आयएसआय मार्कची ०.७५ स्क्वेअर एमएम थ्री-कोअर एका शब्दात मिळाली.

पुढचं काम तासाभराचं. टॉपच्या आत एल (फेज), एन (न्यूट्रल), ई (अर्थ) कोरलेलं असतं. जाड वरची पिन अर्थची. हिरवी, म्हणजे अर्थची वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. टॉपमधला वायर धरून ठेवणारा क्लॅम्प बाहेरच्या जाड आवरणावर बसला पाहिजे, आतल्या बारीक वायरींवर नाही. स्क्रूचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला, आट्यांना न्यूट्रल. मध्ये बटण घालायचं तर ते फेजवरच.

शेडला अर्थ जोडताना स्क्रूखालचा रंग मी सँडपेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला. रंगावर कसलेली अर्थ शोभेचीच. वायर शेडमध्ये शिरते त्या भोकाला रबरी बुश घाला, दोन-चार रुपयांत मिळतो.

हे सगळं टॉप सॉकेटबाहेर ठेवून, हे सांगायला नकोच. आणि हो, आधी करायचं ते शेवटी आठवलं: जुन्या इमारतींत सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. टेस्टर उजव्या भोकात पेटतो का ते आपण बघू शकतो, पण अर्थ वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडची निघाली शाबूत.