दोन ओळींचं चलन निघतं, चाळीस ओळींचं अडकतं

सोमवारी सकाळी सव्वानऊला चाकणच्या कारखान्यातून डिस्पॅचचा फोन आला. "साहेब, छोटी चलनं निघतायत. मोठं टाकलं की नुसतं गोल गोल फिरतंय." गेटवर सहा ट्रक माल भरून, चलनाची म्हणजे सोबत न्यायच्या मालाच्या यादीची वाट बघत उभे.

आदल्याच दिवशी चलनाचं ॲप्लिकेशन कारखान्याच्या सर्व्हर रूममधून पब्लिक क्लाउडच्या (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या) मुंबई रीजनमध्ये हलवलं होतं. डेटाबेस मात्र जागेवरच ठेवला. वजनकाटा थेट त्यात नोंद करतो आणि इंटरनेट गेलं म्हणून काटा थांबून चालत नाही. दोन्हींच्या मध्ये आयपीसेकचा व्हीपीएन टनेल, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी कुलूपबंद वाट.

अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०११ साली क्लाउडचे चार प्रकार सांगितले: पब्लिक, प्रायव्हेट, कम्युनिटी आणि हायब्रिड. आमच्या मांडणीला कोटेशनमध्ये हायब्रिड (पब्लिक आणि प्रायव्हेट जोडलेलं) म्हटलं होतं, कारण कारखान्यातले तीन व्हर्च्युअलायझेशनवाले (एकावरच अनेक आभासी मशीन चालवणारे) सर्व्हर म्हणे प्रायव्हेट क्लाउड. हे मला पटत नाही. वापरणाऱ्याने कुणाच्या हातापाया न पडता स्वतःच मशीन उभं करावं, ही त्याच व्याख्येतली पहिली अट. इथे आयटीला मेल टाकून दोन दिवस वाट बघावी लागते. असो, टनेल आला की त्याची दुखणी येतातच, नाव काहीही द्या.

टनेल चालू होता. पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, जात होतं. ॲप्लिकेशनकडून डेटाबेसच्या ५४३२ पोर्टला कनेक्शन लागत होतं, लॉगिनही होत होतं. दोन ओळींचं चलन लगेच आलं, चाळीस ओळींचं लटकलं. असं दिसलं की शंका पाकिटाच्या, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या एकेका तुकड्याच्या, आकाराची घ्यायची.

साध्या नेटवर्कवर पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. टनेल त्यावर स्वतःचं वेष्टण चढवतो, म्हणून आत तेवढी जागा उरत नाही. डेटाबेस सर्व्हर पाकिटावर 'तुकडे करू नका' असा शिक्का मारून पाठवतो. टनेलच्या तोंडाशी ते मावलं नाही की गेटवेने (टनेल चालवणाऱ्या यंत्राने) 'लहान करून पाठव' असा आयसीएमपी निरोप परत द्यायचा असतो; आयसीएमपी म्हणजे नेटवर्कच्या यंत्रांची आपसातली निरोपांची पद्धत, पिंगही त्यातलंच. तो निरोपच पोचत नव्हता. मागच्या ऑडिटनंतर सर्व्हरच्या पुढच्या फायरवॉलवर पिंग सोडून सगळं आयसीएमपी बंद केलेलं होतं. सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसला. लहान उत्तरं एका पाकिटात मावतात, म्हणून ती सुटत होती. रविवारची चाचणीही दोन ओळींच्याच चलनावर झालेली.

खात्री करायला डेटाबेस सर्व्हरवरून तुकडे न करण्याच्या पर्यायासह पिंग मारलं. १४७२ बाइटला (२८ बाइटचं हेडर धरून १५००) उत्तर नाही. १४०० गेलं. १४५० नाही. असं कमी-जास्त करत १४१० ला गेलं, १४११ ला अडलं. म्हणजे टनेलमधून १४३८ बाइटचं पाकीट जातं. त्यातून आयपी आणि टीसीपीच्या हेडरचे ४० वजा केले की १३९८. गेटवेच्या टनेल इंटरफेसवर टीसीपी एमएसएसची (एका पाकिटात भरायच्या डेटाच्या मापाची) मर्यादा तेवढी बांधली.

तरी चलन लटकलेलंच. मिनिटभर सगळे माझ्याकडे बघत होते. मग ध्यानात आलं की एमएसएस फक्त कनेक्शन जुळताना ठरतो आणि ॲप्लिकेशनने डेटाबेसची वीस कनेक्शनं सकाळपासून उघडी धरून ठेवली होती. ती सगळी जुन्याच मापाची. ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं आणि चाळीस ओळींचं चलन दोन सेकंदांत प्रिंटरवर आलं.

दुपारी फायरवॉलवर आयसीएमपी टाइप ३, कोड ४ ला, म्हणजे त्या 'लहान करून पाठव' निरोपाला, वाट करून दिली. ऑडिटच्या शीटमध्ये त्या ओळीसमोर कारण लिहून ठेवलं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ते पुन्हा बंद करणार. पहिला ट्रक पावणेअकराला गेटबाहेर पडला होता.