ओळ होती, पण खाली होती

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्विड प्रॉक्सी चालतो, पोर्ट ३१२८. पोरांची नेटवरची प्रत्येक मागणी या मधल्या सर्व्हरमार्फत जाते. त्याच्याकडे एरवी कुणी बघत नाही. नेट बंद पडलं की मात्र सगळे माझ्याकडे बघतात.

ऑगस्ट २०२५च्या सुरुवातीला स्क्विडमधल्या सुरक्षेच्या त्रुटीची सूचना वाचली : सीव्हीई-२०२५-५४५७४ (सीव्हीई म्हणजे अशा त्रुटींना मिळणारा नोंदणी क्रमांक). यूआरएनचं उत्तर हाताळताना बफर, म्हणजे उत्तरासाठी राखलेली जागा, ओसंडतो आणि स्क्विडच्या हीपमधला (चालू कामाच्या मेमरीतला) ४ केबीपर्यंतचा ऐवज मागणाऱ्याच्या हाती पडू शकतो. यूआरएन म्हणजे वस्तूचं कायमचं नाव, पुस्तकाच्या आयएसबीएनसारखं. ती वस्तू कुठे मिळेल हे स्क्विड दुसऱ्या सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हरच लबाड निघाला की झालं. आमच्याकडे कुणाला यूआरएन वापरताना मी आजवर पाहिलेलं नाही, पण सोय मात्र चालू.

४ केबी म्हणजे किरकोळ वाटेल. पण आमची पोरं प्रॉक्सीवर बेसिक ऑथेंटिकेशनने, म्हणजे साध्या नाव-पासवर्डाने, लॉगिन करतात. बँकेचा पासवर्ड एचटीटीपीएसच्या बोगद्यातून जातो, तो स्क्विडला दिसत नाही. प्रॉक्सीचा पासवर्ड मात्र बेस६४ मध्ये, म्हणजे कुणालाही उलटवता येणाऱ्या लिपीत, जवळजवळ उघडाच, त्याच्या मेमरीतून जातो. आणि तोच पासवर्ड हजेरीच्या पोर्टललाही चालतो. (ही अक्कल माझीच. पोरांना दोन पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून.)

दुरुस्ती स्क्विडच्या ६.४ आवृत्तीत होती, म्हणजे ऑक्टोबर २०२३पासून. आमचा डेबियन १२ या लिनक्सवरचा स्क्विड ५.७. तोवरचा उपाय सूचनेतच होता : यूआरएनच्या मागण्या ओळखणारी एसीएल (नियमासाठीची यादी) बनवा आणि एचटीटीपी ॲक्सेसच्या नियमांमध्ये ती डिनाय करा, म्हणजे नाकारा. दोन ओळी. शनिवारी संध्याकाळी स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलच्या तळाशी टाकल्या, ती पुन्हा वाचायला लावणारं रीकन्फिगर मारलं, एकही एरर नाही. पाऊस थांबला होता, घरी गेलो.

मंगळवारी सहज म्हणून नेटकॅटने (सर्व्हरला हाताने मागणी पाठवायचं साधन) स्वतःच एक यूआरएन मागून बघितला. लॉगमध्ये नकाराचा पत्ता नाही. स्क्विड बिचारा इमानदारीत उत्तर शोधायला निघाला होता!

स्क्विड हे नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतो. आमच्या फाइलीत वर ‘लॉगिन केलेल्यांना अलाव’, म्हणजे परवानगी, होतं. माझी डिनायची ओळ त्याच्या खाली, म्हणजे तिच्यापर्यंत लॉगिन केलेलं कुणी पोचणारच नव्हतं. पोरांना शिकवतो तोच धडा, आणि तीन दिवस मी निवांत झोपलो होतो.

ओळ वर नेली. पुन्हा मागून बघितलं : टीसीपी डिनाइड, ४०३, म्हणजे मागणी नाकारली.

महिनाभराच्या लॉगमध्ये यूआरएनच्या दोनच नोंदी आहेत. दोन्ही माझ्या.