पाककृती देताना पातेलंही सांगा

मैत्रिणीने मागितलेली पाककृती आपण मनापासून देतो, हातचं काही राखत नाही, तरी तिच्याकडे तो पदार्थ तसा होत नाही. मग काहीतरी सांगायचं राहिलं असणार अशी शंका येते. राहिलेलं असतंच, फक्त ते साहित्याच्या यादीत शोधून सापडत नाही. कुठलं पातेलं घेतलं, आंच किती होती, गॅस बंद केला तेव्हा पदार्थ कसा दिसत होता, हे करणाऱ्याच्या हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की लिहिताना आठवतच नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पदार्थ जमायचा तर नेमकं हेच कागदावर यायला हवं. एक रोजच्या जेवणातला आणि एक गोडाचा, असे दोन पदार्थ खाली तसे लिहिले आहेत. त्याआधी मापांबद्दल थोडं.

'एक कप मैदा' हे माप नेमकं वाटतं, पण कप कुठे २४० मिलीचा धरतात, कुठे २५० मिलीचा. त्याहून मोठा फरक पडतो तो कप भरण्याच्या पद्धतीने. चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सपाट केलेल्या कपात साधारण १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर १४० ते १५० ग्रॅम. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ४०-५० ग्रॅमांवर जातो आणि केक कोरडा, घट्ट, वरून तडकलेला निघतो. साखर दाबली जात नाही, त्यामुळे तिचा कप २०० ग्रॅमच्या आसपासच राहतो. म्हणून पीठ आणि कोको वजनाने लिहा, दूध-पाणी मिलीत लिहा. छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असेल तर पातेलं काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि एकेक जिन्नस त्यातच घालत जायचं. वेगळी मापं घ्यायला लागत नाहीत आणि भांडीही कमी खराब होतात.

मिठाचं तसंच. बारीक मिठाचा सपाट टीस्पून जवळजवळ ६ ग्रॅम भरतो, जाड पापुद्र्यांच्या मिठाचा त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. कोणतं मीठ वापरलं ते लिहिलं नाही तर पदार्थ खारट किंवा अळणी होणार हे ठरलेलंच. अंडं लिहिताना 'कवच काढून साधारण ५० ग्रॅमचं' असं लिहा. लहान अंडी असतील तर वाचणारी एखादं जास्त घेईल.

आता पातेलं. भातासाठी 'एकास दोन पाणी' हे सगळ्यांना पाठ असतं आणि चार कप तांदळांना आठ कप पाणी घातलं की भाताचा लगदा होतो. कारण तांदूळ साधारण आपल्याइतकंच पाणी पितात, बाकीचं वाफ होऊन जातं. वाफेत किती जाणार हे पातेल्याचा व्यास, झाकण आणि वेळ यांवर ठरतं, तांदळावर नाही. एका कपाला एक कप वाफेत जात असेल तर त्याच पातेल्यात चार कपांनाही साधारण तेवढंच जाणार. म्हणून चार कपांना ५ ते साडेपाच कप पाणी पुरतं. कुठलाही पदार्थ दुप्पट-चौपट करताना हाच विचार करायचा: रस आटण्यावर जे अवलंबून आहे ते नुसतं गुणून चालत नाही.

केकच्या भांड्यात क्षेत्रफळ बघायचं. २० सेंमी गोल भांड्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, २३ सेंमी गोलाचं ४१५, आणि २० सेंमी चौकोनी भांड्याचं ४००. म्हणजे २० सेंमी गोल आणि २० सेंमी चौकोनी यांत पावपटीहून जास्त फरक आहे, तर २३ सेंमी गोल आणि २० सेंमी चौकोनी जवळपास सारखे. २० सेंमी गोलाचं मिश्रण २३ सेंमीत ओतलं की थर पातळ होतो आणि कडा वाळून जातात. भांड्याचा आकार पाककृतीच्या पहिल्या ओळीत असावा असं माझं ठाम मत आहे, सगळं मिश्रण तयार झाल्यावर तो कळून काही उपयोग नसतो.

मसुराचं दाट सूप, चार जणांसाठी

पातेलं जाड बुडाचं, किमान ४ लिटरचं. मसूर शिजताना फेस वर येतो आणि लहान पातेल्यातून उतू जातो. साहित्य असं: सालं काढलेली लाल मसूर डाळ २०० ग्रॅम, सोलून बारीक चिरलेला कांदा २०० ग्रॅम, किसलेलं गाजर १०० ग्रॅम, लसणाच्या ४ पाकळ्या, पिकलेले टोमॅटो ३०० ग्रॅम, तेल ३ टेबलस्पून, जिरेपूड दीड टीस्पून, तिखट अर्धा टीस्पून, पाणी १.२ लिटर, बारीक मीठ, शेवटी १ टेबलस्पून लिंबाचा रस.

तेल तापलं की कांदा आणि चिमूटभर मीठ घालून मध्यमहून कमी आंचेवर १२ ते १५ मिनिटं परता. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलं की सूप कच्चट, उग्र लागतं आणि मग ते झाकायला मसाला वाढवत बसावं लागतं. कांदा पारदर्शक होऊन कडेला सोनेरी दिसायला लागला, चमच्याखाली सहज दबला, की पुढे जा. पाच मिनिटांतच तो तपकिरी व्हायला लागला तर आंच जास्त आहे: २ टेबलस्पून पाणी शिंपडा, बुडाला लागलेलं खरवडून घ्या आणि आंच कमी करा. मग गाजर घालून ३ मिनिटं परता. लसूण, जिरेपूड आणि तिखट सगळ्यात शेवटी, फक्त अर्धा ते एक मिनिट. पूड मसाले कोरड्या तेलात लगेच करपतात, म्हणून पाणी हाताशी मोजून ठेवूनच ते घाला.

धुतलेली डाळ, पाणी आणि १ टीस्पून मीठ घालून उकळी आणा, फेस काढा, आंच कमी करा आणि झाकण अर्धवट ठेवून १५ ते २० मिनिटं शिजू द्या. डाळीचा दाणा बोटांत सहज मोडला पाहिजे. टोमॅटो यानंतरच घालायचे. लिहून देताना हा क्रम हमखास सुटतो. आंबटामुळे डाळीचा दाणा लवकर मऊ होत नाही, आणि डाळ जुनी किंवा पाणी जड असेल तर आधीच घातलेल्या टोमॅटोंमुळे ती अर्धा तास उलटला तरी कचकच लागते. टोमॅटो चिरून किंवा किसून घालून आणखी १० ते १२ मिनिटं उकळा.

निम्मं सूप घुसळून उरलेल्यात परत मिसळलं की दाटपणा येतो आणि चावायलाही काही उरतं. गरम सूप बंद झाकणाच्या मिक्सरमध्ये काठोकाठ भरू नका, वाफेने झाकण उडतं. एक तृतीयांश भांडंच भरा, झाकणावर जाड कापड धरा. शेवटी मीठ बघा, बहुतेक आणखी अर्धा टीस्पून लागतं. लिंबू गॅस बंद केल्यावर. सूप सपक लागत असेल तर मिठाआधी लिंबू वाढवून बघा, पुष्कळदा कमी तेच असतं. थंड झाल्यावर हे सूप खूप आळतं, म्हणून दुसऱ्या दिवशी गरम करताना पाऊण ते एक कप उकळतं पाणी घालायचं, हेही लिहून द्या.

यात काय बदललेलं चालेल? तेल कुठलंही, गाजराऐवजी भोपळा, तिखटाऐवजी मिरी. मसुराऐवजी अख्खी कडधान्यं मात्र चालणार नाहीत. ती भिजवावी लागतात, पाणी आणि वेळ दोन्ही बदलतात. तो वेगळाच पदार्थ होतो.

कॅरामल कस्टर्ड, सहा जणांसाठी

सुपात चुकलेलं निस्तरता येतं. कस्टर्डमध्ये तशी संधी नाही, म्हणून हे जास्त बारकाईने लिहिते.

भांडं १५ सेंमी व्यासाचं, ७ सेंमी उंच. कॅरामलसाठी साखर १०० ग्रॅम आणि पाणी २ टेबलस्पून. कस्टर्डसाठी पूर्ण स्निग्धांशाचं दूध ५०० मिली, ४ अंडी (कवच काढून २०० ग्रॅम), साखर ८० ग्रॅम, व्हॅनिला १ टीस्पून, चिमूटभर मीठ.

कॅरामल आतून स्टीलच्या किंवा फिकट रंगाच्या पातेल्यात करा. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही आणि इथे तर सगळं रंगावरच आहे. साखर आणि पाणी मंद आंचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. उकळी आली की चमचा बाजूला. उकळताना ढवळलं किंवा पातेल्याच्या कडेला साखरेचे कण राहिले तर एका कणाभोवती बाकीची साखर जमते आणि सगळा पाक पांढरा, रवाळ होतो. तसं झालंच तर फेकू नका: ३-४ टेबलस्पून पाणी घालून पुन्हा विरघळवा आणि सुरुवातीपासून करा. सुरुवातीलाच लिंबाच्या रसाचे ४-५ थेंब घातले तर हा धोका बराच कमी होतो.

१६० अंशांच्या पुढे रंग चढायला लागतो आणि मग सगळं सेकंदांत घडतं. पातळ मधासारखा रंग म्हणजे नुसतंच गोड. गडद मधासारखा, लालसर झाला की १७५ च्या आसपास आलं, थांबायचं तिथे. धूर दिसला तर कडवट झालं, ते वापरू नका. पातेलं स्वतः तापलेलं असल्यामुळे गॅस बंद केल्यावरही रंग चढत राहतो, म्हणून हवा त्याच्या किंचित आधीच उतरवा. लगेच कस्टर्डच्या भांड्यात ओता आणि जाड कापडाने धरून फिरवा, तळ झाकला पाहिजे. उकळत्या पाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त गरम असतं आणि कातडीला चिकटून राहतं. त्यामुळे बोट लावून चव बघायची नाही, आणि मुलं त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर.

दूध आणि साखर एकत्र गरम करा. कडेने वाफ दिसली, बोट लावल्यावर चांगलं कढत लागलं की पुरे, उकळू नका. अंडी वेगळ्या भांड्यात काट्याने नुसती मोडा, फेटू नका. फेस झाला की त्याचे बुडबुडे कस्टर्डमध्ये अडकतात. अंडी हलवत हलवत दूध बारीक धारेने घाला. एकदम ओतलं तर अंड्याच्या शिजलेल्या दोऱ्या होतात. मीठ आणि व्हॅनिला घालून बारीक गाळणीने गाळा, १० मिनिटं ठेवा, वर आलेला फेस चमच्याने काढा आणि कॅरामलवर हळूच ओता.

ओव्हन १५० अंश, पंखा असेल तर १३०. मोठ्या भांड्यात तळाशी दुमडलेलं कापड, त्यावर कस्टर्डचं भांडं, आणि बाहेरून निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी. हे पाणी कडांना जास्त तापू देत नाही. या मिश्रणातलं अंडं ८० ते ८२ अंशांना सेट होतं आणि ८५ च्या पुढे फाटायला लागतं, म्हणजे खेळायला तीन ते पाच अंशच आहेत. ५० मिनिटांनी बघायला सुरुवात करा, कधी ६५ लागतात. भांडं हळूच हलवलं की कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा नाही, चांगला वाटीच्या तोंडाएवढा भाग जेलीसारखा थरथरला पाहिजे. मधोमध घट्ट होईपर्यंत थांबलात तर कडेला भोकं पडलेली असतील आणि पाणी सुटलेलं असेल.

ओव्हन नसेल तर झाकणाच्या मोठ्या पातेल्यात वाफवता येतं. कस्टर्डचं भांडं फॉइलने घट्ट झाका, नाहीतर झाकणावरचं पाणी त्यात ठिबकतं. आंच अगदी मंद हवी, पाणी नुसतं हललं पाहिजे. ३० मिनिटांनी बघा. जोरात वाफवलेलं कस्टर्ड आतून स्पंजसारखं होतं.

बाहेर काढून तासभर निवू द्या, मग फ्रिजमध्ये किमान ६ तास, शक्य तर रात्रभर. हा वेळ कॅरामलसाठी लागतो. कडक झालेला थर कस्टर्डमधल्या ओलाव्याने हळूहळू विरघळून रस होतो. दोन तासांत उलटलं तर अर्धं कॅरामल तळालाच चिकटलेलं राहतं. काढताना कडेने पातळ सुरी फिरवा, भांडं थोडं तिरपं करून हवा आत जाऊ द्या, वर खोलगट ताटली ठेवा आणि एका झटक्यात उलटा. सपाट ताटली घेतलीत तर रस ओट्यावर जाईल.

यात दुधाचा काही भाग क्रीमने बदलता येतो, साखर ६० ग्रॅमपर्यंत उतरवता येते. अंडी काढून चालत नाही. जेलाटिन किंवा कॉर्नफ्लोअर घालून केलेला गोड पदार्थ चांगला होतो, पण त्याची पाककृती वेगळी लिहावी लागते. जेलाटिनच्या पदार्थात ताजा अननस, किवी किंवा पपई घालू नका असं ठळक लिहा. या फळांमधली एन्झाइम्स (प्रथिनं तोडणारे घटक) जेलाटिन तोडतात आणि पदार्थ सेट होतच नाही. डबाबंद अननस चालतो, कारण तो तापवलेला असतो.

मैत्रिणीला तयार पदार्थच पाठवणार असाल तर डब्यावर चिठ्ठी हवी: केल्याची तारीख, आणि दूध, अंडी, गहू, तीळ, शेंगदाणे किंवा सुकामेवा यांपैकी काय आहे ते. शेंगदाणे वाटलेल्याच मिक्सरमध्ये सूप घुसळलं असेल तर तेही लिहा. शिजलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. सूप मोठ्या पातेल्यातच निवत ठेवलं तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, उथळ डब्यांत भागून मग फ्रिजमध्ये ठेवा.

आणि 'कस्टर्ड बिघडलं' असा तिचा निरोप आला तर कापलेल्या तुकड्याचा फोटो मागा. कडेलाच भोकं असतील तर पाणी उकळत होतं किंवा वेळ थोडा जास्त झाला. भोकं सगळीकडे पसरली असतील तर वेळ बराच जास्त झाला किंवा वाफ फार जोरात होती. बारीक गोल बुडबुडे फक्त वरच्या थरात असतील तर अंडी फेटली गेली. मधोमध पातळ राहिलं असेल तर भांड्याचा व्यास विचारा, बहुतेक वेळा ते १५ सेंमीपेक्षा लहान आणि जास्त खोल निघतं.