दोर खाली आला तेव्हा

साम्रद गावातली पिठलं-भाकरी, तंबूतली थंडी, सांदण दरीतल्या डोहाचं कमरेपर्यंतचं बर्फगार पाणी हे सगळं झालं. पण मला लिहायचंय ते रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, पहिल्या टप्प्याबद्दल. ४५ फुटांच्या आसपासचा कातळ, आणि त्याच्या माथ्यावर शनिवारची रांग.

आमचा ग्रुप सगळ्यात शेवटी. दोन तास थांबलो, त्याचं काही नाही. राग आला तो पुढच्या ग्रुपमधल्या एका मुलीचे हाल बघून. तिला हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, चढवला, डिसेंडरमधून, म्हणजे उतरताना दोराला अडवणाऱ्या धातूच्या कडीतून, दोर ओवला आणि ‘चला, चला’ करत काठावर उभं केलं. उजव्या हाताचं काम काय, ते कोणी सांगितलंच नाही. तिने घाबरून दोन्ही हातांनी वरचा दोर कवटाळला. खालचा हात सुटला की डिसेंडरच्या त्या आठच्या आकड्यातून दोर सरसर धावतो. तळाशी बिलेला, म्हणजे खालून दोर धरून उतरणाऱ्याला सांभाळायला, उभ्या असलेल्या मुलाने दोर ताणला म्हणून ती जागीच थांबली. तिचं रडणं दोन्ही भिंतींमधून घुमत होतं. पैसे घेऊन माणसांना कड्यावर आणता, तर पाच मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

आमच्या ग्रुपला उतरवणारे दादा प्रत्येकाशी बोलले. “ताई, डावा हात नुसता आधाराला. उजवा कमरेमागे, तो तुमचा ब्रेक. कुणीही हाक मारली तरी तो सोडायचा नाही. आता मागे बसा.”

मागे म्हणजे दरीत! जीव सरळ उभं राहायला सांगतो, आणि सरळ राहिलं की बूट घसरतात. मी एकदा घसरले, गुडघा कातळावर आपटला. मग खरंच खुर्चीत बसल्यासारखी रेलले, तेव्हा तळवे दगडाला धरून राहिले.

शेवटी दादा उतरले, माथ्यावरच्या अँकरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या आधारातून, दुपदरी घेतलेल्या दोरावर. “आता बघा,” म्हणत त्यांनी एक टोक ओढायला सुरुवात केली. रॅपल या फ्रेंच शब्दात परत बोलावणं आहे. १८७९ साली आल्प्समधलं पेटी द्रू शिखर सर करणारा शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले याच्या नावावर ही युक्ती सांगतात: दोर दुपदरी घ्यायचा, उतरायचं आणि खालून ओढून घ्यायचा. जर्मन लोकांचा आबझाइलेन साधा, दोराने खाली. मला फ्रेंच शब्द जास्त पटला.

कारण दुसरं टोक वर वर जाऊन अँकरमधून सुटलं आणि अख्खा दोर सळसळत पायाशी पडला, तेव्हा पोटात खड्डा पडला. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तो क्षण अंगावर असा येतो, हे ठाऊक नव्हतं. साम्रदची वाट आता त्या गुळगुळीत भिंतीच्या पलीकडे होती. पुढे फक्त कोकणात, डेहण्याकडे.

दादांनी दोराचं वेटोळं करून माझ्या खांद्यावर दिलं. ओलं, वाटलं होतं त्याहून कितीतरी जड. पुढच्या टप्प्यापर्यंत ते मीच वाहिलं.