आधी भोकं बुजवा, मग सेटपॉइंट वाढवा : डेटा हॉलच्या कूलिंगचा माझा अनुभव

नवी मुंबईतल्या एका डेटा हॉलचं, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या दालनाचं काम हाती आलं, तेव्हा तिथल्या क्राह युनिटांचे (थंड पाण्यावर हवा गार करून हॉलला पुरवणारी यंत्रं) सेटपॉइंट, म्हणजे राखायचं ठरवलेलं तापमान, रिटर्नच्या (हॉलमधून युनिटकडे परत येणाऱ्या) हवेवर 22 अंशांना लावलेले होते. हॉलमध्ये शिरलं की हुडहुडी भरायची, तरी काही रॅक (सर्व्हर रचून ठेवायची कपाटं) तापत होते. अशा वेळी 'अजून एक युनिट बसवा' ही मागणी हमखास येते. पण बहुतेक ठिकाणी थंड हवा कमी नसते, ती सर्व्हरपर्यंत पोचत नसते.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून केली. प्रत्येक रॅकच्या पुढच्या दारावर खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावले. एका रॅकला खाली 16 आणि वर 28 अंश आले. वरच्या सर्व्हरला मिळणारी हवा मागच्याच बाजूची होती, रॅकच्या आतून आणि माथ्यावरून वळून आलेली. रिकाम्या यूसमोर (यू म्हणजे रॅकमधला एक कप्पा) टिश्यू पेपरची पट्टी धरली, की ती आपल्या दिशेने फडफडायची. एवढं दिसलं की कळतं, तिथे ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे रिकामा कप्पा बुजवणारी पट्टी हवी.

इथे थंड हवा उचललेल्या फरशीखालून येते आणि जाळीच्या टाइलमधून रॅकसमोर वर येते. ही पॅनेल लावली, केबलसाठी टाइल कापलेल्या जागी ब्रशच्या पट्ट्या बसवल्या आणि हॉट आइलमध्ये (रॅकच्या मागच्या, गरम हवेच्या वाटेत) राहून गेलेल्या जाळीच्या टाइल काढल्या. तेव्हा फरशीखालचा दाब वाढून 12 पास्कलच्या आसपास स्थिरावला. नेटवर्क स्विच मात्र सहज नजरेतून सुटतात. केबल जोडायला सोपं म्हणून त्यांचे पोर्ट मागच्या बाजूला ठेवतात, आणि हवेची दिशा न बघता स्विच घेतला असेल तर तो हॉट आइलचीच हवा ओढत बसतो.

टाइलचा हिशेब सोपा आहे. हवा 11 अंशांनी तापू द्यायची तर 1 किलोवॉटला साधारण 160 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे 5 किलोवॉटच्या रॅकला 800. 25 टक्के उघडी असलेली एक टाइल एवढ्या दाबावर त्याला पुरत नाही. तिथे 50 टक्क्यांच्या वर उघडी ग्रेट (मोठ्या जाळीची) टाइल लागते. क्राहच्या अगदी पुढच्या दोन-तीन टाइल बंदच ठेवा. तिथे फरशीखाली हवेचा वेग जास्त आणि दाब कमी असतो, त्यामुळे टाइल कधीकधी हवा वर न सोडता खाली ओढते.

थंड आणि गरम हवा मिसळू नये म्हणून आइलवर छत आणि दारं बसवण्याआधी आग विझवणाऱ्या गॅसचे नोझल आणि धूर-डिटेक्टर तपासून घ्या. छताने वाट अडली, तर गॅस आत पोचणारच नाही.

मग कंट्रोल. सेटपॉइंट रिटर्नवरून सप्लायवर (युनिटमधून बाहेर पडणाऱ्या थंड हवेवर) नेताना नवा आकडा मनाने टाकू नका. त्या घडीला जे सप्लाय तापमान असेल तिथूनच सुरू करा. पंखे फरशीखालच्या दाबावर चालवा. वेग 80 टक्क्यांवर आला की पंख्याची वीज जवळजवळ निम्मी होते, आणि खरी बचत इथेच आहे. शेजारशेजारची दोन युनिटं, एक ओलावा सोडतंय आणि दुसरं तोच काढतंय, हा प्रकार इथेही होता. सगळ्यांना एकच सामायिक ड्यू पॉइंट (हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) दिला, तेव्हा ते भांडण थांबलं.

यानंतर सेटपॉइंट आठवड्याला 1 अंश वाढवत गेलो. अॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था 27 अंशांपर्यंतची इनलेट (सर्व्हरमध्ये शिरणारी) हवा शिफारशीत धरते, पण मी 24 ला थांबलो. त्यापुढे सर्व्हरचेच पंखे जोरात फिरू लागले आणि पीडीयूवरचा (रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीवरचा) लोड चढायला लागला. चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) वाचवलेली वीज तिथे खर्च होणार असेल तर उपयोग काय?

चिलरचं पाणी सगळ्यात शेवटी वाढवायचं, तेही पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून. मुंबईत जुलैत बाहेरच्या हवेचा ड्यू पॉइंट 24-25 अंशांवर असतो. पाणी 7 वरून 12-13 अंशांवर नेलं, तर ताज्या हवेचा एएचयू (बाहेरची हवा गार करून आत सोडणारं यंत्र) पुरेसा ओलावा काढू शकत नाही. त्या एएचयूला वेगळं थंड पाणी किंवा स्वतःचं डीएक्स कॉइल (पाण्याऐवजी थेट रेफ्रिजरंट गॅसवर गार होणारं) हवंच. ताजी हवा कोरडी होत नसेल, तर पाण्याला हात लावू नका.