आमची वाटचाल: लगदा, खळ आणि लुगडी

उन्हाळ्यात जुने कागद भिजवायचे, मेथ्यांची पूड घालून लगदा कुटायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या, हे काम माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका न चुकता करायच्या. मेथ्यांनी लगद्याला चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. आमचा व्यवसाय याच लगद्यावर उभा राहिला. जाऊबाई आणि मी, इंदूरमधल्या सुदामानगरच्या घराची गच्ची, एवढंच भांडवल होतं. आता भिंतीवरची ताटं, आरशांच्या चौकटी आणि लँपशेड करतो, आणि शेजारपाजारच्या बायकाही आमच्याबरोबर कामाला असतात.

२०१७ साली इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, त्याचा आमच्या कामाला थेट फायदा झाला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होऊ लागला, तसा अटालेवाल्याकडचा, म्हणजे भंगारवाल्याकडचा, पुठ्ठा कोरडा आणि स्वच्छ मिळू लागला. खरकटं लागलेल्या कागदाचा लगदा कितीही धुतला तरी वास मारतो. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तंतू लांब, म्हणून तो मजबुतीला. वर्तमानपत्राचे आखूड, म्हणून ते वरच्या गुळगुळीत थराला.

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून बाजारात जे मिळतं, त्यातलं बरंचसं मला मनापासून खटकतं. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा रंग, वर चमकी, चिकटवायला गरम गोंदाची कांडी. तो पुठ्ठा पुन्हा भिजत नाही, रद्दीतही जात नाही. म्हणजे कचरा दोन वर्षं भिंतीवर टांगला, इतकंच. आम्ही पहिल्यापासून ठरवलं की आपली वस्तू पुन्हा लगद्यात घालता आली पाहिजे. म्हणून चिकटवायला चिंचोक्याची खळ, रंगाला गेरू आणि पिवडी, वरून चपडा लाखेचा हात. हा चपडा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात सुटतो. आमच्याकडचं जुनं ताट आणून दिलंत, तर नव्याच्या किमतीत सूट देतो आणि जुनं पुन्हा कुटतो.

१ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांची मागणी एकदम वाढली. आमची मखरं सुट्या भागांची असतात, घडी करून माळ्यावर ठेवता येतात.

माळव्याच्या मे महिन्यात ताट दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतं, पावसाळ्यात आठवडाभर ओलं राहतं. म्हणून आषाढ लागला की लगदा बंद, कापड सुरू. लोक आईची, आजीची लुगडी घेऊन येतात. विरलेला भाग आत अस्तराला जातो, धड भाग वर, आणि गोधडीसारखा धावदोरा घालून भिंतीवरचा पट तयार होतो. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, तो मी कधी दुमडून शिवत नाही. खोलीत मधोमध पडद्यासारखा टांगला तर त्याचं देखणेपण दोन्हीकडून कळतं. असं लुगडं हातात आलं की मी आधी विचारते, ते कोणाचं, कधी नेसायच्या. त्या माहितीची चिठ्ठी पटाच्या मागे शिवून देतो. हे काम मला सगळ्यात जवळचं आहे.

एक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: ओल येणाऱ्या भिंतीवर लगद्याची वस्तू लावू नका. मागे लाकडाच्या दोन चिपा ठोकून बोटभर हवा खेळू द्या, आणि धूळ कोरड्या कुंचल्यानेच झटका.